लोहकीस गंजला, पट्टी चुंबक मंदावले. चुंबकाचा धडा प्रयोगातून कसा घ्यावा?

प्रश्न : दापोलीची शिक्षिका

नमस्कार. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पुढच्या आठवड्यात चुंबकाचा धडा घ्यायचा आहे. साहित्यपेटीतला लोहकीस खाऱ्या हवेने गंजून त्याचा तांबडा गोळा झालाय आणि पट्टी चुंबक धड टाचणीही उचलत नाहीत. मुलं 'सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण' घडाघडा म्हणतात, पण हातात खूण नसलेला चुंबक दिला तर त्याचा उत्तर ध्रुव कसा शोधायचा हे कोणालाच सुचत नाही. नियम फळ्यावर यायच्या आधी तो त्यांच्या हाताला कळावा असं मनापासून वाटतं. खर्च शे-दोनशेच्या आत बसायला हवा. कोणी असं शिकवलं असेल तर सविस्तर लिहा.

उत्तर : काळा समुद्र, रत्नागिरी

बाई, मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. लोहकीस विकत आणूच नका. आपल्याकडे किनाऱ्यावर काळी वाळू आहे. रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याला लोक 'काळा समुद्र' म्हणतात तो तिच्यामुळेच. तुमच्याकडे खाडीच्या मुखाशी, लाट जिथवर चढून परत फिरते तिथे काळे पट्टे शोधा. हे कण पांढऱ्या वाळूपेक्षा जड असतात, म्हणून लाट हलकी वाळू ओढून नेते आणि हे मागे राहतात. मुलांनाच न्या, ओंजळभर पुरते. गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवा आणि तव्यावर कोरडी करा.

आता चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या वाळूवरून फिरवा. कण उड्या मारून चिकटतील. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की सगळे कण कागदावर. पिशवी विसरलात तर चुंबकाला चिकटलेले कण नखाने काढत बसावं लागतं. जे उचललं गेलं ते मुख्यतः मॅग्नेटाइट. ते मुळात लोखंडाचं ऑक्साइडच, त्यामुळे बरणीत वर्षानुवर्षं राहिलं तरी किसासारखं गंजत नाही. मागे काही काळे कण तसेच उरतील. त्यात इल्मेनाइट नावाचं खनिज असतं, त्याला साधा चुंबक जवळजवळ ओढत नाही. 'काळं ते सगळं चुंबकाला चिकटतं' हा मुलांचा समज तिथेच मोडतो, आणि तो त्यांचा त्यांनी मोडलेला असतो.

चुंबकासाठी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे फुटके स्पीकर मागा. त्यातली काळी कडी फेराइटची असते. ध्रुव टोकांनाच असतात असं पट्टी चुंबक बघून मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं, आणि या कडीला टोकच नाही! ती दोऱ्याने उभी टांगा आणि हलायची थांबेपर्यंत कोणी काही बोलू नका. तिची एक सपाट बाजू उत्तरेकडे तोंड करून स्थिर होते. तोच उत्तर ध्रुव, खडूने खूण करा. ध्रुव कसा शोधायचा या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे मुलांना दिसतं.

मग हॅक्सॉ ब्लेड घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतं. कडीच्या एकाच बाजूने, एकाच दिशेने, तीसचाळीस वेळा घासा. परत येताना कडी उचलून आणायची, मागे-पुढे घासलं तर काही होत नाही. ब्लेड फडक्यात गुंडाळून पकडीने मोडा (हे तुम्ही स्वतः करा, तुकडा उडतो). मोडण्याआधी मुलांकडून अंदाज घ्याच. एका तुकड्यात उत्तर आणि दुसऱ्यात दक्षिण, असं बहुतेक सांगतील. मग एक सुई अशीच कडीवर घासून चुंबक करा, पाण्यावर तरंगवा आणि प्रत्येक तुकडा त्या तरंगत्या सुईजवळ न्यायला लावा. दोन्ही तुकड्यांना दोन्ही ध्रुव सापडतात. एवढा एक प्रयोग जमला तरी धडा सार्थकी लागला, असं मी आजही म्हणेन. त्यातला एक तुकडा चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद करा, निवू द्या, आणि पुन्हा वाळूजवळ न्या. ओढ गेलेली असते.

एक आग्रह. आकर्षणावरून चुंबक ओळखू देऊ नका. साधा खिळाही चुंबकाकडे ओढला जातोच. दूर ढकललं गेलं तरच दोन्ही चुंबक. हे मुलांना भांडून ठरवू द्या, तास गेला तरी जाऊ द्या.

बारीक चकचकीत निओडिमियम गोळ्या मात्र वर्गात आणू नका. दोन गिळल्या गेल्या तर आतड्यात एकमेकींना चिकटून भोक पाडू शकतात.

उत्तर : हर्णै बंदर

बाई, तरंगती सुई प्लॅस्टिकच्या वाटीत करा, फणसाच्या पानाच्या तुकड्यावर छान तरंगते. आमच्या घरची बोट आहे. जीपीएस आलं तरी होकायंत्र काढलेलं नाही, पण त्याच्याजवळ मोबाईल किंवा स्पीकर ठेवला की वडील लगेच ओरडतात, काटा भलतीकडे फिरतो म्हणून. वर्गातलं लोखंडी कपाट आणि बाकंही लांब ठेवा. तुमच्या वर्गात कोळ्यांची मुलं असतील तर त्यांना विचारा, ती तुम्हाला शिकवतील.

उत्तर : अलिबागकर

वरच्या मुद्द्याला धरून मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि 1904 मध्ये नवी वेधशाळा आमच्या अलिबागेत उभी राहिली. मोजमापाच्या इमारतीत लोखंड वापरलं नाही. दोन्हीकडची मोजमापं काही काळ बरोबरीने चालवली, म्हणून जुन्या आणि नव्या नोंदी जोडता आल्या.

तारेतला प्रवाह काटा हलवतो हे ऑर्स्टेडने 1820 मध्ये दाखवलं, ते टॉर्चच्या एका सेलवर वर्गात होतं. तार सुईच्या वर, सुईला समांतर धरा आणि टोकं सेलला क्षणभरच टेकवा, नाहीतर तार तापते. सेल उलटा केला की काटा उलट वळतो. ट्रामची गोष्ट याच्यानंतर सांगा, तेव्हाच ती कळते.

दापोलीची शिक्षिका

सर्वांचे आभार, शनिवारी मुलांना खाडीवर नेते. गुरुजी, जुन्या पट्टी चुंबकांत पुन्हा जान आणता येईल का?

काळा समुद्र, रत्नागिरी

पूर्ण नाही, पण टाचण्या उचलण्याइतकी येते. कडीचा दक्षिण ध्रुव खाली धरून पट्टीच्या मधून तिच्या उत्तर टोकाकडे घासत न्या. दुसऱ्या टोकाकडे नेताना कडी उलटी करा. नंतर पट्ट्या जोडीने ठेवा, एकीच्या उत्तरेशेजारी दुसरीची दक्षिण, आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचा तुकडा आडवा लावा. पेटीत कशाही टाकल्या म्हणूनच त्या मंदावल्या असणार.