मदत हवी आहे : डेंटल क्लिनिकसाठी कर्ज कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण बीडीएस आहे, साताऱ्यात स्वतःचं क्लिनिक टाकतेय. गाळा भाड्याचा ठरलाय. खर्चाचा मोठा भाग डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं मशिन) आणि आरव्हीजी सेन्सरचा (दातांच्या डिजिटल एक्स-रेसाठी). वैद्यकीय सेवेला जीएसटी माफ असल्याने मशिनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही, म्हणजे तो सगळा खर्चातच धरायचा.

बँकेने सरळ बाबांचं घर तारण मागितलं. ते आम्हाला अजिबात नको आहे, बाबांचं सगळं आयुष्य त्या घरात गेलंय. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेतल्या 'तरुण' गटात १० लाखांपर्यंतच मिळतं, २० लाखांची मर्यादा आधीचं 'तरुण' कर्ज फेडलेल्यांनाच. म्हणून सीजीटीएमएसई (लघुउद्योगांच्या कर्जाला बँकेकडे हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमीवर विनातारण कर्ज घ्यायचा विचार आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) झाली आहे.

कुणी डॉक्टरांनी असं कर्ज घेतलंय का? नव्या क्लिनिकला बँक मॅनेजर तयार होतात का, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये काय बघतात? की चेअरपुरतं इक्विपमेंट लोन आणि बाकीसाठी प्रोफेशनल लोन बरं? पेशंट जमेपर्यंत हप्त्याला सवलत किती महिने मिळाली, तेही कृपया सांगा.