दांडे आत गेले तरी उष्णता उरतेच

अणुभट्टीतले नियंत्रक दांडे (न्यूट्रॉन शोषून घेणारे) पूर्ण आत गेले की भट्टी थंड, असं म्हटलं जातं. केंद्रकं एकामागून एक फुटत जाण्याची साखळी प्रक्रिया थांबते हे खरं, उष्णता नाही. युरेनियम-२३५ चं केंद्रक फुटल्यावर उरलेले तुकडे किरणोत्सारी असतात आणि त्यांचा उष्णता देणारा ऱ्हास दांड्यांना जुमानत नाही. ही उष्णता भट्टी बंद केल्याक्षणी पूर्ण शक्तीच्या ६-७ टक्के, तासाभराने दीडेक, दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ३००० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत हा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट! पाणी फिरत राहिलंच पाहिजे. जपानच्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात २०११ साली चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंपानंतर आपोआप बंद झाल्या होत्या. मग त्सुनामीने डिझेल जनित्रं निकामी केली, थंडावा तुटला आणि इंधन वितळलं ते मुख्यतः याच उरलेल्या उष्णतेने.