शेवट गोड असलेली बीएल मालिका सुचवा, अकराव्या भागात उगीच ताटातूट करणारी नको

रस्सावहिनी (राजारामपुरी)

मंडळी, एक मालिका सुचवा. पण अटी वाचून सुचवा.

रात्री ओटा पुसून झाला की मी आणि नणंद एकाच मोबाइलवर बीएल, म्हणजे बॉइज लव्ह, दोन पोरांच्या प्रेमाच्या मालिका बघतो. हेडफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. सासूबाईंची समजूत आहे की आम्ही कोरियन स्वयंपाक शिकतोय. तसं बघितलं तर या मालिकांत माणसं इतकं खातात की त्यांची समजूत अगदीच चुकीची नाही.

परवा तैवानची 'मेक अवर डेज काउंट' संपवली, 'हिस्टरी ३' या मालिकासंचातली, २०१९ची. पुढच्या चार ओळींत स्पॉयलर आहे. वर्गातला टगा हाओटिंग आणि आईबाप नसलेला, कामं करून शिकणारा शीगू. टग्याचं त्याच्या मागं लागणं, मग खरंच बदलणं, सगळं इतकं छान जमवत आणलंय की आम्ही दोघी गुंतून गेलो. आणि शेवटी एकदम काही वर्षं ओलांडली आणि शीगू अपघातात गेला. कशासाठी? रडवायचं होतं म्हणून. नणंदेनं कानातलं टोक काढून गादीवर आपटलं.

आता अटी. शेवट गोड पाहिजे. पोरांना तोंड दिलंय तर त्यांनी एकमेकांशी बोलावं, अर्धवट ऐकून निघून जाऊ नये. मधे येणारी पोरगी खलनायिका नको, त्याचा आम्हाला लई कंटाळा आलाय. झोपलेल्याचे, दारू प्यालेल्याचे मुके घेणारा हिरो नको. आणि पन्नास भागांचं काही सांगू नका, सकाळी डबे करायचे असतात.

साइडकपल

वहिनी, तुमच्या दुःखात सहभागी. त्या मालिकेवर लोक अजून चिडून आहेत. माझ्यासारखे जे साइड जोडीसाठी बघत होते ते वाचले, तिचं तरी बरं झालं.

तुमच्या सगळ्या अटींत बसणारी एकच सांगते: 'बॅड बडी'. थायलंडची, २०२१च्या शेवटी सुरू झाली, बारा भाग. पाट आणि प्राण शेजारी राहतात, दोघांच्या घरांत जुनं वैर. एक इंजिनिअरिंगला, एक आर्किटेक्चरला, आणि दोन्ही फॅकल्टींच्या टोळ्यांची मारामारी ठरलेली. आपल्या कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर एक शिवाजी पेठेतला, एक मंगळवार पेठेतला, आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच चालू आहे. बाहेर सगळ्यांसमोर कॉलर धरायची आणि आत एकमेकांची काळजी घ्यायची, हे दोघांनी इतकं सहज केलंय की बघत राहावं.

आता तुमच्या पोरीच्या अटीबद्दल. इंक नावाची एक मुलगी येते. पाटला ती आवडते असं त्याला स्वतःला वाटत असतं, आपल्यालाही वाटतं की झालं, आता ही दोघांच्या मधे येणार. तर ती येतच नाही. तिचं जुळतं पाटच्या 'पा' नावाच्या बहिणीशी! पहिल्यांदा कुठल्यातरी लेखकाला वाटलं की या मालिकांतल्या पोरींनाही स्वतःचं आयुष्य असतं.

पाचव्या भागातला गच्चीवरचा प्रसंग दोघींनी वेगवेगळ्या मोबाइलवर बघू नका. एकत्रच बघा.

जीएमएमटीव्हीच्या यूट्यूब चॅनेलवर आहे. एकेका भागाचे चार तुकडे केलेले असतात, सबटायटल इंग्रजी.

उद्यमनगरी

बॅड बडीला माझं पण मत. तेवढ्यासाठी लॉगिन केलं.

पण थायलंडवाल्यांना इंजिनिअरिंगचं एवढं काय वेड आहे कोण जाणे. 'सोटस' बघितली असेल तुम्ही, २०१६ची, तिथनंच ही लाट जोरात आली. त्यात सीनियर लोक ज्युनिअरना गिअर देतात आणि गिअर म्हणजे हृदय असा सगळा मामला. मी दिवसभर गिअर कापायच्या हॉबिंग मशीनवर उभा असतो, गिअर बघून माझ्या हृदयात कायबी होत नाही. फार तर बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली सैल जागा, किती आलाय हे बघावंसं वाटतंय.

विनोद सोडा. सोटसमध्ये मला आर्थित आवडला. वरून कडक, सगळ्या ज्युनिअरांवर ओरडणारा, आणि प्यायला काय तर गुलाबी दूध. ज्युनिअर कोंगपोब त्याला सगळ्यांसमोर उलट उत्तर देतो तो पहिल्या भागातला प्रसंग चांगलाच आहे. पण वहिनी, त्यात जे चाललेलं असतं ते सरळ सरळ रॅगिंग आहे. आपल्याकडं महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. मालिका त्याला प्रश्न विचारल्यासारखं करती आणि शेवटी परंपरा म्हणून हात जोडून मोकळी होती. तुमच्या यादीत बसत नाही.

पन्हाळ्यावरनं

'टू गेदर' कुणी कशी सांगितली नाही? २०२०ला सगळे घरात बसलेले तेव्हा आमच्या अख्ख्या हॉस्टेलच्या ग्रुपला तिनंच वेड लावलं होतं.

साइडकपल

सांगितली नाही कारण मधले भाग ताणलेत आणि शेवटाला जी जुनी ओळखीची मुलगी आणून गैरसमज करून ठेवलाय ती वहिनींची नेमकी दुसरी आणि तिसरी अट आहे. त्यातल्या हिरोसाठी, सारावतसाठी, बघायची तर बघा. कथेसाठी नको.

गंगावेस

मी वेगळं बोलणार आहे, शिव्या घाला. गोड शेवटाचा एवढा हट्ट कशाला? माझ्या मते या प्रकारातलं सगळ्यात चांगलं लिखाण 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू'मध्ये आहे. २०२०, पाच भाग फक्त. फुकेतमधली पोरं, 'ते' (हे एकाचं नावच आहे) आणि ओएव. लहानपणीचे जिगरी, नाटकातल्या भूमिकेवरनं बोलणं तुटलं. पुढं दोघांनाही अभिनय शिकायला विद्यापीठात जायचंय आणि चिनीच्या शिकवणीत पुन्हा गाठ पडती.

तेची आई नूडल्सचं दुकान चालवती. पोरगा शिकवणीला जातोय, आई रश्शाच्या पातेल्यापाशी उभी आहे, आणि तिला कळतंय की पोराचं काहीतरी बिनसलंय पण विचारावं कसं ते कळत नाही. तसं घर मी बघितलंय. ते स्वतःवर इतका चिडलेला असतो की दुसऱ्याला दुखवत सुटतो, आणि पुढं आपली मिळालेली जागा सोडून देतो ओएवसाठी. मूर्खपणा आहे, पण त्या वयातला खरा मूर्खपणा आहे.

रस्सावहिनी

ते आम्ही बघितलंय. नणंदेला आवडलं. पण त्याचा दुसरा भाग, 'आय प्रॉमिस्ड यू द मून', त्यात ते बँकॉकला गेल्यावर त्या जाई नावाच्या पोराच्या नादी लागतो ना? ओएव बिचारा इकडं वाट बघतोय आणि हा तिकडं नाटकाच्या तालमीत. मी तेला माफ केलेलं नाही.

गंगावेस

तुम्ही माफ करावं असं मालिका म्हणतच नाही. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं मोठ्या शहरात जाऊन बिघडलं, चुकलं, परत आलं. आपल्याकडनं पुण्याला गेलेली किती पोरं...

साइडकपल

पुण्याला मधे आणू नका. फसवणूक ती फसवणूक. ओएवनं परत घेतलं हाच माझा राग आहे. पहिल्या मालिकेत ज्याच्यासाठी एवढं रडलो त्याला दुसऱ्या मालिकेत नुसतं सहन करायला ठेवलं.

उद्यमनगरी

पहिली बघा, दुसरी बघू नका. विषय संपला.

धागापाल

'ते'वरचं भांडण दर महिन्याला होतं आणि दर महिन्याला इथपर्यंतच पोचतं. कृपया सल्ल्यावर या. आणि स्पॉयलरच्या आधी 'स्पॉयलर' लिहा, गंगावेस.

राधानगरीकर

'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स' बघा, २०२१, दहा भाग. श्रीमंत घरचा तियान, त्याला दुसऱ्याचं हृदय बसवलेलं असतं. ज्या मुलीचं हृदय ती डोंगरातल्या गावात शिकवायला जायची. तिची डायरी वाचून हा तिथं जातो आणि तिथल्या फॉरेस्ट ऑफिसरच्या, फूफाच्या, प्रेमात पडतो. संथ आहे. पण मुलगी गेलेली असूनही कथेत तिला मान आहे, नुसतं निमित्त म्हणून वापरलेलं नाही.

एकच तक्रार. माझे वडील वनखात्यात होते. दाजीपूरच्या बाजूला ड्युटी करून एवढा इस्त्रीचा युनिफॉर्म घेऊन परत आलेला माणूस मी आयुष्यात बघितला नाही.

पाचवा_मजला

बराच वेळ नुसतं वाचतोय. लिहू का नको करत होतो.

मी गे आहे, पस्तिशी जवळ आलीय, इथंच नोकरी करतो. मला या मालिका आवडतात, पण कॉलेजच्या पोरांच्या गोष्टी बघून आता पोट भरत नाही. पहिला मुका झाला की मालिका संपते. माझे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत. भाडं कुणाच्या नावावर, दिवाळीला कुणाच्या घरी, आईला काय सांगायचं, ऑफिसात काय लपवायचं.

म्हणून माझी शिफारस जपानची 'व्हॉट डिड यू ईट यस्टरडे', २०१९ची. वहिनी, तुमच्या सासूबाईंसमोर उघड लावा, खरोखरच स्वयंपाकाची आहे. शिरो वकील, केन्जी केस कापतो. दोघं पन्नाशीकडं झुकलेले, एकत्र राहतात. शिरो महिन्याचा किराणा पंचवीस हजार येनमध्ये बसवतो आणि कुठल्या दुकानात काय स्वस्त लागलंय यावर त्याचा जीव. प्रत्येक भागात तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक जेवण रांधतो: आधी काय चिरायचं, कुठलं भांडं गॅसवर चढवायचं, सगळं एका वेळी गरम कसं वाढायचं. मग केन्जी पहिला घास घेऊन काय म्हणतो, तेवढंच त्यांचं प्रेम.

भांडणंही आहेत. केन्जी सलूनमध्ये आपल्या जोडीदाराबद्दल मोकळेपणानं बोलतो आणि शिरोला ते कळल्यावर तो भडकतो, कारण ऑफिसात त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. मला दोघंही पटतात. शिरोचे आईवडील "आम्ही स्वीकारलंय" म्हणतात आणि तरी चुकीचंच काहीतरी बोलतात. तो प्रसंग माझ्या घरात झालाय, फक्त भाषा वेगळी होती.

आणि मराठीत म्हणाल तर 'साबर बोंडं'. मालिका नाही, सिनेमा आहे. रोहन कानवडे यांचा, २०२५ला सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं त्याला. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा आनंद गावी येतो आणि तिथं बालपणीचा बाळ्या भेटतो. नातेवाईक उठसूट लग्नाचं विचारतात, आईला सगळं माहीत असतं. बीएलमधल्यासारखी पार्श्वसंगीतावर नजरानजर नाही त्यात. माणसं बसतात, गप्प राहतात, शेळ्या चरतात. मला तिथं आपली माणसं दिसली.

रस्सावहिनी

दादा, बरं झालं लिहिलंत. किराण्याचं वाचून नणंद म्हणाली, हेच आधी लावू.

एक विचारू? आम्ही बायका हे असं बघतो, मुके मोजतो, कोण कुणाला शोभतो म्हणून वाद घालतो, ते तुम्हाला खटकतं का?

पाचवा_मजला

मालिकेतल्या पोरांवरनं वाद घाला, मीही घालतो. त्या नटांच्या खऱ्या आयुष्यात कोण कुणाबरोबर आहे हे उकरत बसतात ते खटकतं. नट म्हणजे पात्र नव्हे. एखाद्यानं मुलाखतीत मैत्रीण आहे म्हटलं की त्याला शिव्या घालणारे लोक मी बघितलेत.

बाकी थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून अशी लग्नं कायदेशीर झाली, तैवानमध्ये २०१९लाच. आपल्याकडं असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं २०१८ला, आणि लग्नाला सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ला नाही म्हटलं. म्हणून त्या मालिकांत शेवटी कुणी अंगठी पुढं केली की मी जरा जास्त वेळ बघतो, एवढंच.

साइडकपल

दादा, 'चेरी मॅजिक' बघितलीत का, जपानची, २०२०? नोकरी करणारी माणसं आहेत. तिसाव्या वाढदिवसाला आदाचीला अशी शक्ती मिळते की स्पर्श झाला की समोरच्याच्या मनातलं ऐकू येतं. आणि ऑफिसातला सगळ्यात देखणा कुरोसावा मनातल्या मनात त्याच्यावर कविता करत असतो! सातवा भाग कुरोसावाच्या बाजूनं आहे, तो बघितल्यावर कळतं की देखणेपणाचं ओझं त्याला किती झालंय.

पाचवा_मजला

बघितली. आवडली. शेवटी लिफ्टचं दार बंद करून मुका लपवला त्याबद्दल तक्रार नोंदवून घ्या.

पन्हाळ्यावरनं

आणि 'सिमँटिक एरर'! कोरियाची, २०२२, आठच छोटे भाग, रविवारी दुपारी संपती. सांगवू नियमावर चालणारा, ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम न केलेल्यांची नावं सरळ उडवतो. त्यामुळं जेयाँगची डिग्री अडकती. मग जेयाँग सूड म्हणून ह्याच्या नावडीचा लाल रंग घालून रोज ह्याच्या डोळ्यासमोर. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकट्यानं मर मर काम केलेल्या प्रत्येकानं ही बघावी. मी तर सांगवूच्या बाजूनं आहे, शेवटपर्यंत.

रस्सावहिनी

ठरलं. स्वयंपाकाची सासूबाईंबरोबर हॉलमध्ये, बॅड बडी दोघी रात्री.

रस्सावहिनी

बॅड बडी संपवली. स्पॉयलर. अकराव्या भागात दोघं पळून समुद्राकाठी जातात तिथं माझं काळीज हललं, आता तुटणार म्हणून. साइडकपल, तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत! बारावा लावेपर्यंत नणंद रडायच्या तयारीत. आणि मग कळतं की तुटलेलं नाहीच, घरच्यांना दाखवायला नाटक करतायत. वर्षानुवर्षं चोरून. गोड शेवट म्हणायचा का याला? नणंद म्हणते हो, मी म्हणते पाऊण.

प्राणच्या आईवर मात्र मी चिडलेय. पोरानं शाळेत पाटबरोबर गाणं वाजवलं म्हणून पोराची शाळाच बदलली!

गंगावेस

तिचं काय चुकलं? पाटच्या बापानं तिची शिष्यवृत्ती लाटली होती. विश्वास ठेवून फसलेली बाई आहे ती.

साइडकपल

मग राग बापावर काढायचा, पोराच्या गिटारवर कशाला?

गंगावेस

तुम्हाला आई झाल्यावर कळेल.

साइडकपल

दोन आहेत मला.

धागापाल

प्राणच्या आईसाठी वेगळा धागा काढा. इथं फक्त सल्ला.