रिटचिंग जमतंय, पण पैसे घेण्याइतकं जमतंय का?

मधली_सुट्टी:
फोटोशॉप बऱ्यापैकी येतं. डाग काढणं, उडालेले केस आवरणं, बॅकग्राउंड बदलणं जमतं. आता फोटोग्राफर लोकांकडून पोर्ट्रेटची कामं घ्यायची आहेत. अडचण त्वचेची आहे. फ्रिक्वेन्सी सेपरेशनची (रंग आणि पोत वेगळे करण्याची) तयार ॲक्शन, म्हणजे साठवलेल्या पायऱ्या, चालवते, पण चेहरा दरवेळी मेणाच्या बाहुलीसारखा होतो. कोर्स करू का? की नुसता सराव पुरेल, आणि तो कशावर करायचा?

टोकदार_पेन्सिल:
कोर्सच्या आधी पेन टॅब्लेट घ्या, छोटा चालेल. माउसला हाताचा दाब कळत नाही, त्यामुळे मास्क (बदल कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा) रंगवताना फार झगडावं लागतं.

जुना_कुंचला:
ती ॲक्शन आधी डिलीट करा. माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून जरा लांबण लावतो.

फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये खालच्या लेयरवर (थरावर) रंग आणि छाया असतात, वरच्यावर त्वचेचा पोत. लोक खालच्या लेयरवर लॅसोने भाग निवडून ब्लर मारत सुटतात. मग गालाच्या हाडाची, ओठांच्या कडेची सावलीच जाते. वरची रंध्रं शाबूत असतात, तरी चेहरा सपाट. तुमचं हेच होत असणार.

त्यापेक्षा डॉज आणि बर्न शिका, म्हणजे थोडा थोडा भाग उजळ किंवा गडद करणं. दोन कर्व्हज (उजेड कमीजास्त करणारे) लेयर, एक उजळ, एक गडद, दोघांचे मास्क काळे. मऊ पांढरा ब्रश, फ्लो (एका फटक्यात किती रंग लागतो ते) 1-2 टक्के. सगळ्यात वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवा, म्हणजे रंगाची भूल पडत नाही आणि डागाळलेले भाग उघडे पडतात. गडद करताना त्वचा लालसर व्हायला लागली तर त्या कर्व्हजचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळायची पद्धत) ल्युमिनॉसिटी करा, म्हणजे फक्त उजेड बदलतो, बरंच आवरतं. सुरुवातीला एका कपाळावर अख्खी संध्याकाळ जाईल. जाऊ द्या. मात्र अधूनमधून झूम कमी करून पूर्ण चेहरा बघा, नाहीतर माणूस रंध्रांतच अडकून बसतो.

मुरूम, ओरखडे हीलिंग ब्रशने, पण वेगळ्या रिकाम्या लेयरवर, सॅम्पल 'करंट अँड बिलो' (हा लेयर आणि खालचे) ठेवून. पंधरवड्यात आपोआप जाईल ते काढायचं. तीळ, जुना व्रण विचारल्याशिवाय काढायचा नाही.

आता पैशांचं. फोटोग्राफर एक फोटो पाठवत नाही, अख्खा सेट पाठवतो. एक चेहरा झकास आणि पुढच्यात तोच माणूस पिवळा, असं दिलंत तर दुसरं काम येत नाही. म्हणून एकाच शूटमधले सावलीतले, उन्हातले, खिडकीजवळचे फोटो घ्या आणि त्वचेचा रंग जुळेपर्यंत सोडू नका. लघुचित्रं शेजारी शेजारी लावली की वेगळं पडलेलं लगेच दिसतं. स्क्रीन कॅलिब्रेट केलेली, म्हणजे रंग खरे दिसतील अशी जुळवलेली हवी (पांढऱ्याची छटा डी65, उजेडाचा गॅमा 2.2) आणि स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड बंद. तो चालू ठेवून त्वचेचा रंग ठरवणारे लोक मी पाहिलेत, काय बोलणार!

पेनटूलवाला:
सगळ्यांनाच पोर्ट्रेट कशाला हवं? प्रॉडक्टचं काम बघा. घड्याळ, बाटली, दागिना. धातूवरची धूळ काढायची, प्रतिबिंबं सरळ करायची, पेन टूलने वस्तूच्या कडेचा स्वच्छ पाथ (रेषा) काढायचा. कंटाळवाणं आहे, पण गिऱ्हाईक टिकतं. नुसतं बॅकग्राउंड काढून देण्यावर मात्र विसंबू नका, ते आता सॉफ्टवेअरच करतं.

मधली_सुट्टी:
धन्यवाद! सरावाला फोटो कुठून आणू? नेटवरचे उतरवून घेतले तर पोर्टफोलिओत चालतील?

जुना_कुंचला:
परवानगी नसेल तर नाही. नवखे फोटोग्राफर गाठा. एक सेट फुकट करून द्या, बदल्यात आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवायची लेखी परवानगी घ्या, फोटोतल्या माणसाचीसुद्धा. फुकटचं काम एकदाच हं, दुसऱ्या सेटला दर सांगायचा.

दर सांगताना दुरुस्तीच्या किती फेऱ्या त्यात धरल्यात तेही लिहून द्या. मी दोन धरतो, तिसरीचे वेगळे पैसे. आणि फाइल देताना विचारून घ्या: वेबसाठी असेल तर एसआरजीबीमधली (नेहमीच्या स्क्रीनच्या रंगांची) जेपेग, छपाईसाठी असेल तर ते सांगतील त्या रंग-प्रोफाइलची 16 बिट टिफ. प्रोफोटोमधली (खूप मोठ्या रंगपट्ट्याची) जेपेग चुकूनही पाठवू नका. कलर मॅनेजमेंट नसलेल्या, म्हणजे रंग-प्रोफाइल न वाचणाऱ्या ॲपमध्ये उघडली की रंग मेलेले दिसतात आणि बोल तुम्हाला लागतो.

पेनटूलवाला:
आणि लेयरना नावं द्या हो! 'लेयर 47 कॉपी 3' उघडून बसलेला माणूस पुन्हा फोन करत नाही.