चाचणीत सॉकेटऐवजी डुप्लेक्स स्ट्रीमची जोडी वापरली की मेमरी का वाढते?

प्रश्न:
नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) वापरून केलेल्या एका चॅट सर्व्हरच्या चाचण्यांसाठी खरे पोर्ट उघडावे लागू नये म्हणून मी डुप्लेक्स स्ट्रीमची (वाचता आणि लिहिताही येणाऱ्या डेटा-प्रवाहाची) जोडी तयार केली आहे. एका टोकाच्या राइट मेथडमध्ये आलेला डेटा दुसऱ्या टोकाला पुश करायचा आणि लगेच कॉलबॅक (लिहिणे झाल्याचे कळवणारे फंक्शन) बोलवायचा, एवढीच तिची रचना आहे. मात्र वाचणारे टोक थांबवून लिहिणे चालू ठेवले, तर लहान संदेशांसाठी राइट सतत ‘ट्रू’च परत करते आणि मेमरी वाढत जाते. खऱ्या सॉकेटप्रमाणे (नेटवर्क जोडणीच्या टोकाप्रमाणे) लिहिणाऱ्याला थोपवायचे कसे?

उत्तर १:
कॉलबॅक बोलवणे म्हणजे पुढचा तुकडा घ्यायला तयार असल्याची ग्वाही देणे, आणि ती इथे वेळेआधीच दिली जाते. हायवॉटरमार्क (बफर या तात्पुरत्या साठ्याची ठरवलेली मर्यादा) ओलांडला तरी पुश डेटा नाकारत नाही, केवळ ‘फॉल्स’ परत करतो; त्यामुळे सगळा साठा वाचणाऱ्या टोकाच्या बफरमध्ये तुंबतो. कॉलबॅक लगेच न बोलवता दुसऱ्या टोकाकडे जपून ठेवावा आणि त्या टोकाची रीड मेथड चालेल तेव्हाच बोलवावा. शून्य लांबीचा तुकडा आला, तर मात्र रीडची वाट न पाहता कॉलबॅक नेक्स्टटिकवर (चालू काम संपताच चालेल असा) सोडावा, नाहीतर तो अडकून राहू शकतो. लिहिणे संपल्यावर चालणाऱ्या फायनल मेथडमध्ये दुसऱ्या टोकाला, डेटा संपल्याची खूण म्हणून, नल पुश करायला विसरू नये.

उत्तर २:
नोड २०.१७ आणि २२.६ पासून स्ट्रीम मॉड्यूलमध्ये डुप्लेक्सपेअर हे फंक्शन आयतेच मिळते व ते याच पद्धतीने चालते. एचटीटीपी सर्व्हर तपासायचा असल्यास जोडीचे एक टोक ‘कनेक्शन’ इव्हेंटबरोबर सर्व्हरला देता येते, कारण तिथे कोणतीही डुप्लेक्स स्ट्रीम चालते. सेटनोडिले, रिमोटअ‍ॅड्रेस यांसारख्या खास सॉकेटच्या गोष्टी मात्र तिच्यात नसतात.

उत्तर ३:
एवढ्यावर विसंबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. या जोडीत एका राइटचा डेटा सहसा एकाच तुकड्यात पोहोचतो, तर खऱ्या सॉकेटमागचा टीसीपी हा नेटवर्क प्रोटोकॉल संदेशांच्या सीमा पाळत नाही; अर्धा संदेश आल्यावर कोसळणारा पार्सर (संदेश उलगडणारा कोड) अशा चाचणीत बिनबोभाट उत्तीर्ण होतो. म्हणून मधे एक ट्रान्सफॉर्म स्ट्रीम घालून डेटा एकेक बाइट करून पुढे सोडावा. चाचणीचा संदेशही देवनागरीत असावा, कारण यूटीएफ-८ मध्ये ‘म’ या एका अक्षराला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक तुकड्यावर थेट टूस्ट्रिंग (बाइटचा मजकूर करणारी मेथड) लावले, तर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचे चौकोन उमटतात. वाचणाऱ्या टोकावर सेटएन्कोडिंग लावल्यास अपुरे बाइट पुढचा तुकडा येईपर्यंत राखून ठेवले जातात.