'पाहणी केली आहे असे मानण्यात येईल': मराठीत कसं लिहावं?

पंचवटीकर: एका सरकारी निविदेच्या अटी मराठीत करतोय. एक अट अशी, की दर भरण्याआधी कंत्राटदाराने जागा, माती, पाणी, पोचरस्ता सगळं बघितलंय असं धरलं जाईल. नंतर 'ठाऊक नव्हतं' ही सबब चालणार नाही. यातल्या इंग्रजी 'डीम्ड'ला, म्हणजे 'असं धरलं जाईल'ला, काय लिहू? 'समजण्यात येईल' लिहिलं, तर साहेब म्हणाले, हे अंदाजपंचे वाटतं. आणि 'स्थळपाहणी' वाचून ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "पत्रिका जुळली का?"

शब्दवेडी: 'मानीव' आहे की! मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) सोसायटीवाल्यांना तोंडपाठ असतं. कोरलेलं ते कोरीव, रेखलेलं ते रेखीव, मानलेलं ते मानीव. अस्सल मराठी प्रत्यय.

गोदाकाठ: 'मानीव पाहणी' म्हणजे न केलेली पाहणी, असंच कुणीही वाचेल. 'अभिमत' घ्या. अभिमत विद्यापीठ चालतं ना?

शब्दवेडी: अभिमत पाहणी? निवडणुकीआधीची वाटते. आणि न केलेली पाहणी हाच तर त्या अटीचा अर्थ आहे.

मखमलाबादी: शब्द कुठलाही लावा, बिल तेवढंच निघतं. मी काकांच्या साईटवर मुकादम होतो. दिंडोरीकडे एका कामात खोदाई 'सर्व थरांत' एकाच दराने होती. वर मुरूम दिसला म्हणून काकांनी १२ टक्के बिलो, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा कमी दर, भरलं. दीड मीटरवर काळा कातळ! जादा मागितले तर हीच अट पुढ्यात. पाहणी केली होती हो, पण डोळ्यांनी. टेंडरच्या मुदतीत खाली काय आहे बघायला पदरच्या पैशाने बोअर कोण मारतो?

गोदाकाठ: नाशकात राहून कातळाचं नवल? पांडवलेणी कोरणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

मखमलाबादी: त्यांनी बिलो भरलं नव्हतं.

काळाकोट: अमेरिकेतला १९१८चा स्पिअरिन खटला बघा. नौदलाच्या गोदीचं काम, गटारातला बांध नकाशात दाखवलेलाच नव्हता, पाणी तुंबून गटार फुटलं. तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, 'जागा बघून घ्या' एवढ्या अटीने सरकारी नकाशातली चूक ठेकेदाराच्या माथी जात नाही. आपल्याकडे १९६०चा अलोपी परशाद खटला सांगतात: काम महाग पडलं म्हणून करार सुटत नाही. तो खटला तुपाच्या पुरवठ्याचा, पण बसतो कातळालाच.

शब्दवेडी: 'ठेकेदार' नको, 'कंत्राटदार' म्हणा. कंत्राट पोर्तुगीजांकडून आलं, म्हणजे इंग्रजीच्या आधीचं.

गोदाकाठ: म्हणजे परकीयच, फक्त जुनं! मराठवाड्यात 'गुत्तेदार' म्हणतात, तो निदान शेजारचा.

काळाकोट: आणि 'मक्तेदार'मधला मक्ता अरबी. शुद्ध काही उरत नाही, 'निविदा' सोडून. तिलाही सगळे टेंडरच म्हणतात.

पंचवटीकर: मंडळी, माझं 'डीम्ड'? फाईल उद्या द्यायचीय. सध्या 'पाहणी केली आहे असे मानण्यात येईल' ठेवतोय.

शब्दवेडी: 'येईल' कशाला? 'मानले जाईल' लिहा.

गोदाकाठ: 'जाईल'ने काय साधलं?

मखमलाबादी: 'बिलो'ला मराठीत काय म्हणतात हो? काका 'घट' म्हणायचे.