भाषणांचा स्थानिक कार्यक्रम करायचाय: टेडएक्सचं लायसन्स काढावं की आपल्याच नावाने करावं?

शब्दवेडी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारून टाकते. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून भाषणांचा एक छोटा कार्यक्रम करायचं म्हणतोय, म्हणजे वक्तृत्व स्पर्धा नाही आणि मोटिव्हेशनल स्पीकर बोलावून टाळ्या वाजवायचा प्रकारही नाही, तर आपल्याच आजूबाजूची माणसं, कुणी नर्स, कुणी वायरमन, कुणी रिटायर झालेली शिक्षिका, ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी ठोस आहे त्यांनी स्टेजवर येऊन ते सांगायचं. आता अडलंय इथे, की टेडएक्सचं (म्हणजे टेड या छोट्या भाषणांच्या प्रसिद्ध कॉन्फरन्सच्या नावाने आपल्या गावात करायच्या कार्यक्रमाचं) लायसन्स काढावं की स्वतःच्या नावाने करावं यावरून आमच्यातच दोन तट पडलेत. शिवाय वक्ते निवडायचे कसे, आणि लोकांनी नुसतं ऐकून घरी न जाता आपसात बोलावं यासाठी काय करता येईल? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पडद्यामागे
आधी लायसन्सचं सांगतो. टेड १९८४ पासूनचं आहे, स्थानिक लोकांनी स्वतंत्रपणे करायचे टेडएक्स २००९ मध्ये सुरू झाले. लायसन्सला पैसे पडत नाहीत पण अटी भरपूर. ज्याच्या नावावर लायसन्स आहे त्याने टेडची मूळ कॉन्फरन्स अटेंड केलेली नसेल तर १०० च्या वर प्रेक्षक बसवता येत नाहीत, भाषण १८ मिनिटांच्या आत, वक्त्यांना मानधन द्यायचं नाही, स्पॉन्सर चालतो पण वक्ते कोण हे त्याने ठरवायचं नाही आणि स्टेजवरून त्याची जाहिरातही नाही. राजकीय किंवा धार्मिक प्रचार नाही.

माझं स्पष्ट मत, पहिला कार्यक्रम स्वतःच्या नावाने करा. टेडएक्सच्या नावाला वजन आहे, वक्ते आणि प्रेक्षक पटकन मिळतात हे खरं, पण त्याच नावामुळे आपल्या प्रोफाइलवर 'टेडएक्स स्पीकर' लावायला मिळावं म्हणून येणारे अर्जही ढिगाने येतात आणि तुम्हाला हवी ती नर्स किंवा वायरमन आपणहून अर्ज करतच नाही, तिला शोधायला तुम्हालाच जावं लागतं. त्यांच्या अटींतली स्पॉन्सरवाली मात्र लायसन्स नसलं तरी पाळा. ज्याने हॉलचे पैसे दिले त्याचा भाऊ वक्ता म्हणून आला की प्रेक्षकांना ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

दुसरे फॉरमॅटही बघून ठेवा. पेचाकुचा म्हणून आहे, २००३ मध्ये टोकियोत दोन आर्किटेक्टनी सुरू केलेलं, २० स्लाइड आणि प्रत्येक स्लाइडला २० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे सरकते म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंदांत माणूस थांबलाच पाहिजे. इग्नाइटमध्ये २० स्लाइड, १५ सेकंदांच्या, एकूण ५ मिनिटं. ज्यांना फोटो किंवा नकाशे दाखवून बोलायचंय त्यांना हे छान जमतं, पण ज्याला एक गोष्ट नीट उलगडून सांगायचीय त्याची यात फरफट होते.

निवांत
पडद्यामागे यांच्याशी सहमत, फक्त लायसन्सवर तुम्ही जेवढं डोकं लावताय त्याच्या दहापट प्रत्येक भाषणावर लावा. कार्यक्रम तिथेच उभा राहतो किंवा पडतो.

तुमच्या नर्सचंच उदाहरण घेते. तिला विचाराल तर ती म्हणेल 'नर्सिंगमधले माझे अनुभव' यावर बोलते. हे भाषण होत नाही, तो नुसता विषय झाला. मग तिच्यासोबत बसायचं, तिला कामाबद्दल बोलतं करायचं, आणि बोलता बोलता ती सहज म्हणून जाते की डिस्चार्ज देताना मी पेशंटला औषधं समजावून सांगते आणि मग त्यालाच विचारते, आता तुम्ही मला सांगा, कुठली गोळी कधी घ्यायची. तो सांगताना चुकला की कळतं आपलं समजावणं कुठे कमी पडलं. बस, हेच भाषण! समोर बसलेला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी घरी, ऑफिसात, वर्गात हे करून बघू शकतो. आपल्या वक्त्याचं म्हणणं एका वाक्यात सांगता येत नसेल तर त्याला अजून स्टेजवर आणू नका.

पहिल्या तालमीत ती शिक्षण कुठे झालं, पहिली नोकरी कुठे, इथून सुरुवात करेल आणि पेशंट येईल चौथ्या मिनिटाला. तिला म्हणायचं, चौथ्या मिनिटापासूनच सुरू करा. बहुतेक भाषणं अशी पुढून कापली की सुधारतात. शब्दांचा हिशोबही आधी करा, सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२५ शब्द बोलतो, म्हणजे १० मिनिटांत १२५० शब्द, आणि लोक लिहून आणतात त्याच्या दुप्पट आणि मग धावत सुटतात.

अजून एक, ज्याच्याकडे चमत्कारिक उपचार किंवा फुकट वीज देणारं मशीन असेल त्याला कितीही छान बोलता येत असलं तरी नाही म्हणा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये टेडला आपल्या टेडएक्स आयोजकांना खास पत्र लिहून खोट्या विज्ञानापासून सावध करावं लागलं होतं. तुमच्या स्टेजवरून सांगितलेली गोष्ट लोक खरी धरून चालतात, त्यामुळे वक्त्याने दिलेला प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारायचं, ओळखीचा असला तरी.

आवाजवाला
साउंडचं काम करतो म्हणून तेवढंच लिहितो. नवख्या माणसाच्या हातात माइक देऊ नका, तो हातवारे करताना माइक पोटाशी नेतो आणि मागच्यांना काही ऐकू जात नाही. हेडसेट माइक मिळाला तर उत्तम, कॉलर माइक लावलात तर ओढणी, दागिने त्यावर घासतात का ते आधीच बघा. व्हिडिओ करणार असाल तर आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका, थेट मिक्सरमधून घ्या, चित्र थोडं डावं उजवं असलं तर लोक बघतात पण आवाज घुमला की लगेच बंद करतात. व्हिडिओ टाकायची लेखी परवानगी वक्त्याकडून आधीच घ्या.

वेळेसाठी स्टेजसमोर खाली, वक्त्याला दिसेल असा उलटा मोजणारा टायमर ठेवा. टोस्टमास्टर्समध्ये, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबांत, दिवे असतात, ५ ते ७ मिनिटांच्या भाषणाला ५ व्या मिनिटाला हिरवा, ६ व्या ला पिवळा, ७ व्या ला लाल. चिठ्ठी पाठवणं किंवा विंगेतून हात दाखवणं नको, माणूस गांगरतो.

शब्दवेडी
खूप खूप आभार, नर्सचं उदाहरण ग्रुपवर टाकलंय आणि लायसन्सचा वाद एकदम थंड झाला! एक विचारू का, भाषण पाठ करायला सांगावं की मुद्द्यांवर बोलू द्यावं? आणि प्रेक्षकांचं राहिलंच, शेवटी प्रश्नोत्तरं ठेवावीत का?

निवांत
सुरुवातीची दोन-तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ, मधलं मुद्द्यांवर. सगळं पाठ केलं की एक शब्द निसटला तरी माणूस तिथेच अडकतो, आणि घाबरणाऱ्यांना सुरुवात पाठ असली की तेवढ्यात श्वास जागेवर येतो. तालीम मात्र अनोळखी चार माणसांसमोर घ्या, घरचे लोक सगळंच छान म्हणतात.

पडद्यामागे
प्रश्नोत्तरं नको असं सांगेन. खुला माइक फिरवला की पहिलाच माणूस प्रश्नाऐवजी स्वतःचं भाषण करतो आणि ज्यांना खरंच विचारायचं असतं ते गप्प बसतात. त्याऐवजी दोन भाषणं झाली की निवेदकाने सांगायचं, शेजारच्याशी दोन-तीन मिनिटं बोला, यातलं काय पटलं नाही? काय आवडलं असं विचारलं तर 'छान होतं' म्हणून संपतं, काय पटलं नाही म्हटलं की हॉलमध्ये एकदम गलका होतो.

मधली सुट्टी भाषणापेक्षा मोठी ठेवा, अर्धा तास तरी, आणि वक्त्यांना मागच्या खोलीत बसवू नका, बाहेर लोकांतच थांबवा. वक्ते चार किंवा पाचच घ्या, आठ घेतलेत तर उशीर होतो आणि कापली जाते ती सुट्टीच. जागा निवडताना व्हीलचेअर थेट आत जाते का ते स्वतः जाऊन बघा, आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषी मिळत असतील तर त्यांना स्क्रिप्ट आठवडाभर आधी द्या. हॉल मात्र आत्ताच बुक करू नका, सगळ्या वक्त्यांची तालीम एकदा ऐका आणि मग तारीख ठरवा.